उभ्या बाई

तिगावात आमच्या लहानपणी एक शिक्षिका होत्या, त्यांना सगळं गाव उभ्या बाई म्हणायचं. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं आई-बापांनी ठेवलेलं चांगलं नाव असणारच, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. गंमत म्हणजे बाई चांगल्याच बुटक्या होत्या. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात पोचत नसे, म्हणून आमच्या वर्गातल्या फळ्याचा वरचा भाग कायम कोरा राहायचा. नाव पडलं ते एका सवयीवरून.

ज्या घरचं पोर शाळेत आलं नाही, त्या घरी संध्याकाळी बाई हजर. दारात उभ्या राहून विचारायच्या, "काऊन आला नाही आज?" घरचे म्हणायचे, "बसा ना बाई." मग बाई पाहायच्या, घरचं माणूस स्वतः कुठं बसलं आहे. ते बाजेवर असलं आणि बाईंनाही बाजेवर जागा केली, तर बाई बाजेवर बसायच्या. ते चटईवर असलं तर चटईवर. पण घरचा माणूस बाजेवर आणि बाईंसाठी खाली अंगणात पोतं, असा प्रकार असला की हसून म्हणायच्या, "राहू द्या, मी उभीच बरी." बाई बौद्ध आहेत हे गावाला त्या आल्या त्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यामुळे वरच्या आळीत पुष्कळ घरी पोतंच निघायचं. त्यावर बाई कधी चिडल्या नाहीत की भाषण दिलं नाही. तशाच हसत पोराच्या अभ्यासाची चौकशी करायच्या, उद्या पाठवा म्हणून बजावायच्या आणि निघायच्या. त्या चिडल्या असत्या तर लोकांना सोपं गेलं असतं. समोर कोणी हसत उभं असलं की बाजेवर बसलेल्या माणसाची पाठ आपोआप अवघडते.

आमच्या घरी आल्या की मात्र सरळ जमिनीवर फतकल मारायच्या आणि आईच्या पुढ्यातली विळी ओढून भाजी चिरायला घ्यायच्या. आई कावरीबावरी व्हायची. "बाई, तुमी मास्तरीन हा, साडी खराब होईन ना!" बाई म्हणायच्या, "साडीच आहे ना, कागद तर नाही. धुतली की झालं." भाजी मात्र त्यांना चिरता येत नसे. वांग्याची एक फोड बोटभर आणि दुसरी हातभर. आई त्या गेल्यावर सगळी भाजी पुन्हा चिरायची.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं आणि एवढ्याशा गावात ही काही लहान बातमी नाही. कोणी तरी धीर करून विचारलंच तर बाई सांगायच्या, "मला पाहायला आले होते ना. मी उभी होते, त्यांना वाटलं ही चहा आणायला निघाली. कोणी बस म्हटलंच नाही. मग मी आतून चहा आणला, तो स्वतःच प्यायला आणि शाळेत निघून गेले." खरं किती, खोटं किती, देव जाणे. आम्ही पोरी मात्र ही गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो आणि चहा प्यायच्या जागी पोट धरधरून हसायचो.

आमच्या वस्तीत टिनाचं छप्पर टाकलेलं छोटं विहार होतं. दर रविवारी सकाळी बाई तिथं आम्हा बारा ते पंधरा वर्षांच्या पोरापोरींना जमवायच्या. लहान मुलं दाराशी लुडबुडली की त्यांना खाऊ देऊन घरी पाठवायच्या. आम्ही एकदा विचारलं, आम्हीच का? बाई म्हणाल्या, "लहान पोरं सांगितलेलं ऐकतात. मोठी माणसं कोणाचंच ऐकत नाहीत. तुम्ही मधले, तुम्ही 'का' म्हणून विचारता. मला विचारणारी माणसं पाहिजेत." त्या वयात घरी, शाळेत, रस्त्यावर जो तो आम्हाला 'तोंड चालवू नको' म्हणत असे. आमच्या तोंड चालवण्याची कोणाला गरज आहे, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मला तर तेव्हा एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

आधी वंदना व्हायची, पंचशील व्हायचं, मग डोळे मिटून गप्प बसायचं. हे गप्प बसणं आमच्या जिवावर यायचं. प्रल्हाद नावाचा एक भडक डोक्याचा पोरगा होता, त्याला हमखास हसू फुटायचं आणि मग सगळं विहार खिदळायचं. बाई हसू देत, संपू देत, आणि म्हणत, "झालं? आता पुन्हा." गप्प बसून करायचं काय, तर या आठवड्यात आपण कोणाचं मन दुखावलं ते आपलं आपण पाहायचं. "मला सांगायचं नाही," बाई बजावायच्या, "मी काही फौजदार नाही." सांगायचं नाही म्हटल्यावर खोटं बोलायची सोय राहत नाही. आईला उलट बोललेलं, धाकट्या भावाला चिमटा काढलेला, सगळं डोळ्यांपुढं ओळीनं यायचं.

त्यानंतर काम. हापशीभोवतीची गटार मोकळी करायची, एकट्या राहणाऱ्या आंधळ्या आजीचं पाणी भरायचं, कोणाचं छप्पर उडालं असेल तर ते शाकारायला हात लावायचा. बाईंचे नियम साधे होते. कोणी हाक मारली म्हणून जायचं नाही, आपल्याला दिसलं आणि आपण ठरवलं तर जायचं. आणि केल्याबद्दल काही घ्यायचं नाही, गुळाचा खडासुद्धा नाही. हा दुसरा नियम प्रल्हादला फार जड जायचा. आंधळी आजी गूळशेंगदाणे काढून ठेवायची आणि हा बिचारा त्या वाटीकडे पाहत घागरी ओतायचा.

माझे बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते, रुळांच्या कामावर. सरकारी नोकरी, खाकी कपडे, पगार. एका रविवारी कामावरून परतताना त्यांनी मला गटारीत उतरून खराटा मारताना पाहिलं. ते न थांबता सरळ घराकडे गेले. संध्याकाळी बाई घरी आल्या, विळी ओढून बसल्या, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

"बाई, तुमी शिकेल मानूस, मी काय सांगू तुमाले. पन माया बाप मरेपर्यंत गावचं टोपलं वाहत होता. मेलेलं ढोर ओढ, गल्ली झाड, लोकाइच्या आंगनात बस, शिळं घे. आमी थे सारं सोडलं. लई मार खाऊन सोडलं. अन् आता तुमी माया पोरीच्या हाती खराटा देऊन राहिल्या?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे. बाईंनी विळी बाजूला सरकवली.

"भाऊ, तुमच्या बाबांना कोणी विचारलं होतं का, झाडता का म्हणून?"

"कोन इचारते? हाक मारत."

"तुमच्या पोरीला मी विचारलं. ती नाही म्हणाली असती तर मी एकटीनं झाडलं असतं. ती कामं घाण होती म्हणून आपण सोडली नाहीत, भाऊ. त्या कामांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून सोडली."

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "पटते तुमचं. पन पाहवत नाही." शेवटी त्यांनी एक अट घातली. आपल्या वस्तीत काय करायचं ते करा, वरच्या आळीत माझी पोरगी जाणार नाही. आणि बुढीमायच्या अंगणात तर नाहीच नाही.

बुढीमाय म्हणजे वरच्या आळीतली सगळ्यात जुनी म्हातारी. मोठं घर, संत्र्याचा बगीचा, बगीच्याला लागून गावातली सगळ्यात गोड पाण्याची विहीर. तिच्या अंगणात फाटकाजवळ एक चपटा दगड होता. माझे आजोबा त्या घरी काम करून आले की त्या दगडावर बसायचे आणि त्यांच्यासाठी जे काही असेल ते त्या दगडावरच ठेवलं जायचं. बाबा लहानपणी आजोबांसोबत तिथं बसलेले होते. त्यानंतर त्यांनी त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. बाईंनी अट मान्य केली आणि उरलेली भाजी वाकडीतिकडी चिरून टाकली.

त्या वर्षी पोळा होऊन गेला तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. नाल्याचं पाणी बगीच्यात शिरलं, बगीच्यातून विहिरीत उतरलं आणि वरच्या आळीत उलट्या-हगवण सुरू झाली. आमच्या वाडवडिलांना त्या गोड पाण्याच्या विहिरीवर चढू देत नसत, म्हणून सरकारनं आमच्या वस्तीत हापशी बसवून दिली होती. तिचं पाणी मचूळ. चहासुद्धा धड लागायचा नाही. पण त्या वर्षी गोड पाणी बिघडलं आणि मचूळ पाणी चांगलं राहिलं.

पांढुर्ण्याच्या अस्पतालात खाटा भरून लोक जमिनीवर झोपले होते. तिथला आरोग्याचा माणूस सायकलवर आला, बाईंकडे विहिरीत टाकायच्या पावडरची पिशवी दिली, साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते आम्हा पोरांना दाखवलं आणि पुढच्या गावाला गेला. तांब्याभर चांगलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. चाखून पाहायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागायला नको. आम्ही ते पाठ केलं. वस्तीतल्या घरोघरी शिकवून झालं, आणि मग बाई म्हणाल्या, "आजार तर वर आहे."

बाबांची अट होती, म्हणून पहिल्या दिवशी मी गेले नाही. बाकीचे गेले. प्रल्हाद संध्याकाळी लालेलाल होऊन परतला. काही घरांनी हातातून तांब्या घेतला होता, काहींनी दुरून ऐकून घेतलं होतं, आणि बुढीमायनं 'आमच्या घरी कोनी बिमार नाही' म्हणून दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की बुढीमायचा नातू दिनू रात्रीपासून उलट्या करतो आहे. त्याचा बाप संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला गेलेला. घरात म्हातारी आणि सून.

आम्ही विहारात जमलो होतो. प्रल्हाद म्हणाला, "आपल्या हातचं घेत नाही ना थे? मंग मरू द्या."

बाई त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दिनू केवढा आहे रे?"

"असन चार-पाच वर्सांचा."

"त्याला माहीत आहे का, तू कोण आहेस ते?"

प्रल्हाद साखरेच्या डब्याचं झाकण उघडझाप करू लागला.

"त्याचा तुझ्यावर राग नाही. तुझा त्याच्यावर काऊन?" बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मी चालले. ज्याला वाटेल त्यानं यावं. जो येणार नाही त्याला मी काही म्हणणार नाही, पुढच्या रविवारी तो तसाच माझ्या शेजारी बसेल." आणि निघाल्या. मागं वळूनही पाहिलं नाही.

बाबा लाइनवर गेले होते. त्यांची अट माझ्या कानात घण घातल्यासारखी वाजत होती. पण दिनूला मी ओळखत होते. आमच्या शाळेच्या कुंपणाच्या फटीतून तो तोंड घालायचा आणि जो दिसेल त्याला जीभ दाखवायचा. मी हापशीवर घागर भरली, डोक्यावर घेतली आणि बाईंच्या मागं चालू लागले. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. प्रल्हाद साखरेचा डबा काखेत मारून येत होता. तोंड अजून वाकडंच होतं.

बुढीमाय घरापुढच्या छपरीत बाजेवर बसली होती. मांडीवर दिनू. त्याचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते, आणि जीभ दाखवणाऱ्या त्या पोरात मान उचलायचंही बळ नव्हतं. मला रडू आलं. दारात त्याची आई शांता उभी होती. बाईंनी अंगणातच तांब्यात पाणी कालवलं, मोठ्यानं सांगत सांगत, म्हणजे शांताला ऐकू जावं. मग तांब्या माझ्या हाती दिला. मी दोन्ही हातांनी पुढं धरला.

बुढीमाय म्हणाली, "थे तिथी दगडावर ठेवा अन् जा."

"माय, हातात घ्या," बाई म्हणाल्या. "आमच्या हापशीचं पाणी आहे, चांगलं आहे. पोराला लवकर पाजायला पाहिजे."

"ठेव म्हटलं ना तिथी!"

"दगडावर नाही ठेवत, माय. मी उभी आहे."

आणि बाई उभ्या राहिल्या. आम्हीही उभे राहिलो. त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं, पावसानंतरचं, अंग भाजणारं. माझे हात भरून आले की प्रल्हाद तांब्या घ्यायचा, त्याचे भरून आले की मी. छपरीच्या छपराची सावली पायरीकडे मागं सरकत होती, दिनू मधूनच कण्हत होता, आणि प्रत्येक कण्हण्यासरशी मला वाटायचं, ठेवून द्यावा हा तांब्या, चुलीत गेला तो दगड. मी बाईंकडे पाहायची. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या एकटक शांताकडे पाहत होत्या.

मग फाटक वाजलं. बाबा होते. खाकी कपडे, खांद्यावर फावडं. लाइनवर कोणी तरी जाऊन सांगितलं असावं की तुझी पोरगी बुढीमायच्या अंगणात उभी आहे. आता सगळ्यांदेखत थोबाडीत बसणार असं समजून मी डोळे मिटून घेतले. बाबा फाटकाबाहेरच थांबले होते. त्यांनी त्या दगडाकडे पाहिलं, दिनूकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. फावडं फाटकाला टेकवलं आणि आत आले. माझ्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः पुढं धरला.

"माय," ते म्हणाले, "मी किसनचा पोरगा. माया बाप या दगडावर बसत जाय. मी बसाले नाही आलो. लेकरासाठी पानी आनलं."

बाबांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. शांता दारातून निघाली, छपरीच्या पायऱ्या उतरली आणि सरळ बाबांसमोर येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले.

"शांते!" बुढीमाय ओरडली.

"पोरगा माया हाये, मामीजी," शांता सासूला म्हणाली. "मंग तुमाले काय बोलाचं थे बोला मले."

तिनं बाबांच्या हातातून तांब्या घेतला आणि सासूच्या मांडीवरून लेकराला उचलून चमच्यानं पाजायला लागली. पहिले घोट उलटून पडले. ती घाबरली. बाई अंगणातून म्हणाल्या, "थांबू नको वं, थोडा दम घे अन् पुन्हा पाज." अशी दुपार सरली. तांब्या संपला की बाई दुसरा कालवायच्या, शांता खाली उतरून घेऊन जायची. बुढीमाय भिंतीकडे तोंड करून बसली होती, पण कान इकडेच होते, कारण उन्हं कलताना दिनूला लघवी झाली तेव्हा सगळ्यात आधी तीच म्हणाली, "झाली काय वं?" बाईंनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या शिक्षिकेला लघवीचा एवढा आनंद झालेला पाहून प्रल्हादला विहारातलं ते हसू पुन्हा फुटलं, आणि त्याला पाहून बाबांनाही.

विहिरीत पावडर टाकायची राहिली होती. आमच्यापैकी कोणी विहिरीवर चढावं हे म्हातारीला पटणार नव्हतं, हे दिसतच होतं. शांतानं पिशवी मागून घेतली, कशी कालवायची ते बाईंना विचारलं आणि स्वतःच्या हातानं टाकून आली. आम्ही निघालो तेव्हा बुढीमायनं गड्याला खूण केली. त्यानं अंगणात पोतं अंथरलं. बाईंनी पोत्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि नेहमीसारख्या हसल्या. "राहू द्या माय, मी उभीच बरी."

परतताना मी बाईंना विचारलं, "बाई, दिनूच्या आईनं घेतलंच नसतं तर?"

बाई चालता चालता थांबल्या. "तर ठेवला असता ना वं तांब्या दगडावर," त्या म्हणाल्या. "लेकराच्या जिवापेक्षा माझं उभं राहणं मोठं आहे काय? मी मनाशी ठरवलं होतं, छपराची सावली पायरीला लागली की ठेवायचा."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमचे हात तेव्हाच ढिले पडले असते. अन् तिला ते दिसलं असतं."

"किती राहिली होती सावली पायरीला लागायला?"

"वीतभर," बाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. बाईंना रडताना मी तेवढंच पाहिलं. उभं राहणं म्हणजे हट्ट नाही, आणि वाकणं म्हणजे हरणं नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं. पुढं मी नर्सिंग शिकले, किती तरी दारांत औषधं घेऊन उभी राहिले. प्रत्येक दारात मी आधी पाहून ठेवते की सावली कुठवर आली तर आपण वाकायचं. मग निवांत उभी राहते.

त्या दिवशी गाव बदललं असं मी म्हणणार नाही. वरच्या आळीत बाईंसाठी पोतं निघायचं ते निघतच राहिलं. बुढीमाय रस्त्यात दिसली तर दुसरीकडे पाहायची. फरक एवढाच की एका रविवारी शांता दिनूचा हात धरून विहाराच्या दाराशी आली आणि म्हणाली, "याले बसू द्या ना बाई." बाई म्हणाल्या, "हा लहान आहे अजून, मोठा झाला की पाठव." आणि मग नियम मोडून त्याला आत घेतलं. गप्प बसायच्या वेळी तो सगळ्यांना जीभ दाखवायचा. बाबाही अधूनमधून खराटा घेऊन येऊ लागले. पाहवत नाही म्हणायचे, पण यायचे.

बाईंची बदली झाली ती बैतूलच्या पलीकडे कुठं तरी. आता त्या नाहीत. त्या गेल्याची बातमी मला फार उशिरा कळली आणि त्याची हळहळ अजून आहे. पण माझ्यासाठी त्या खऱ्या गेल्या ते तिगावच्या फलाटावरून.

आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. पॅसेंजर उशिरा होती. फलाटावर सिमेंटचा एकच बाक, त्यावर कोणी बसलं नव्हतं, कारण बाई उभ्या होत्या. आई त्यांना लोणच्याची बरणी देत होती आणि बाई केल्याबद्दल काही घ्यायचं नाही हा नियम तिला समजावत होत्या. आई म्हणाली, "थो तुमचा नेम पोट्ट्याइले. मी मोठी हाओ." बाईंनी निमूट बरणी घेतली.

तेवढ्यात काठी टेकत, दिनूला पुढं घालून बुढीमाय आली. फलाटावरच्या माणसांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. ती कोणाकडे न पाहता बाकाशी गेली आणि धापा टाकत बसली. मग शेजारची जागा पदरानं पुसली आणि त्यावर हात थोपटला.

"बस वं बाई," ती म्हणाली. "तुयं उभं राहणं पाहू पाहू माये पाय दुखून राहिले."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि बुढीमायच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल एवढ्या जवळ, बसल्या. बुटक्या होत्या, पाय जमिनीला टेकेनात. दोघी काय बोलल्या म्हणाल तर काहीच नाही. संत्र्याचा या वर्षीचा बार कसा आहे, लोणच्यात मोहरी किती घालावी, दिनूला शाळेत कधी घालायचं. मी जवळच उभी होते, एक शब्दही चुकवला नाही.

गाडी आली. बाई चढल्या, दारात उभ्या राहून हात हलवत राहिल्या. आम्ही गाडीसोबत फलाट संपेपर्यंत धावलो. परत आलो तर बुढीमाय बाकापुढं काठीवर रेलून, गाडी गेली त्या दिशेला पाहत होती. बाबा जवळ गेले आणि म्हणाले, "माय, बसा ना आता. गाडी गेली."

म्हातारीनं मान हलवली.

"राहू दे," ती म्हणाली. "मी उभीच बरी."